गोठ्यातील मेंदूदाह : जिवंतपणी निदान कितपत शक्य?

रुग्णाने सांगितलेला वृत्तांत हा वैद्यकाच्या निदानाचा पहिला आधार असतो. डोके दुखते, उजेड सहन होत नाही, मान वळत नाही, हाताला मुंग्या येतात, अशी चार वाक्ये रुग्णाने उच्चारली की अनुभवी डॉक्टरांचे अर्धे काम झालेले असते. पशुवैद्यकाच्या वाट्याला हे भाग्य येत नाही. दावणीला उभ्या असलेल्या गायीने वैरण का सोडली, तिची चाल का अडखळते, ती कारणाशिवाय का हंबरते, याचे उत्तर ती देऊ शकत नाही. मालक सांगेल तो वृत्तांत आणि डोळ्यांना दिसेल ते शरीर, एवढ्या सामग्रीवर त्याला निर्णय घ्यावा लागतो. रोग जेव्हा मेंदूत शिरलेला असतो, आणि तोही विषाणूजन्य असतो, तेव्हा हा निर्णय पशुवैद्यकशास्त्रातील सर्वांत अवघड निर्णयांपैकी एक ठरतो.

डॉक्टरांच्या स्मरणिकेत गुराढोरांच्या रोगावर लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर असे की, गोठ्यात चुकलेल्या किंवा लांबलेल्या निदानाचा पुढचा अध्याय पुष्कळदा डॉक्टरांच्या दवाखान्यात लिहिला जातो. आपल्या बेळगावभोवतीच्या खेड्यांत घराला लागूनच गोठा असतो. सकाळची धार काढणारे, वैरण घालणारे, आजारी जनावराला औषध पाजणारे हात घरातल्याच माणसांचे असतात. ज्या शहरात एके काळी वासरांच्या साहाय्याने देवीची लस तयार होत असे आणि ज्याच्या टिळकवाडीत ‘व्हॅक्सिन डेपो’ हे नाव आजही नांदते आहे, त्या शहरातील डॉक्टरांना माणूस व गाय यांच्या आरोग्यातील नाते नव्याने सांगण्याची गरज नाही. प्रस्तुत लेखात एकाच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे : जनावर जिवंत असताना त्याच्या मेंदूतील विषाणू ओळखता येतो काय, आणि येत नसेल तर माणसांच्या बाबतीतले निर्णय कशाच्या आधारे घ्यावेत?

कोणकोणते विषाणू?

गोवंशाच्या मेंदूला बाधा करणाऱ्या विषाणूंची यादी वाटते त्याहून मोठी आहे. आपल्या देशात अर्थातच पहिला मान रेबीजचा. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात अलर्कविषाचे वर्णन आहे. म्हणजे पिसाळलेल्या जनावराच्या दंशाचे भय आपल्याकडे किती जुने आहे हे ध्यानात येते.

रेबीजशी साम्य असलेला दुसरा रोग हंगेरीतील अलादार औयेस्की यांनी १९०२ साली वर्णिला. बैल, कुत्रा व मांजर यांच्यात आढळलेला हा विषाणू रेबीजचा नसून वेगळाच आहे, हे त्यांनी दाखविले. हा नागीणवर्गीय विषाणू मूळचा डुकरांचा. गायीला त्याची बाधा झाली म्हणजे अंगाच्या एखाद्या भागाला इतकी भयंकर खाज सुटते की ती तो भाग घासून रक्तबंबाळ करते. त्याच वर्गातील बोव्हाइन हर्पीस विषाणू–५ हा अर्जेंटिना व ब्राझीलमध्ये वासरांच्या मेंदूदाहाचे कारण म्हणून ओळखला जातो. मेंढ्यांच्या शरीरात निरुपद्रवीपणे राहणारा एक हर्पीस विषाणू गायीम्हशींत शिरला तर ‘मॅलिग्नंट कॅटॅऱ्हल फीव्हर’ हा घातक रोग उत्पन्न करतो. कर्नाटकातील एका संघटित दुग्धशाळेतील त्याच्या उद्रेकाचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झालेला आहे. जपानी मेंदूज्वराच्या विषाणूचा संसर्ग गायींना होतो खरा, परंतु त्यांच्या रक्तात तो डासांना पुढे नेता येईल इतका वाढत नाही, आणि त्यांना मेंदूचा आजार क्वचितच होतो.

अलीकडची भर म्हणजे अ‍ॅस्ट्रोव्हायरस. मेंदूदाहाने मेलेल्या गायींच्या मेंदूतील सर्व जनुकीय द्रव्य एकत्र वाचून काढण्याच्या नव्या तंत्राने २०१३ साली अमेरिकेत आणि त्यानंतर स्वित्झर्लंडमध्ये हा विषाणू सापडला. वर्षानुवर्षे ‘कारण अज्ञात’ असा शेरा मिळालेल्या मेंदूंपैकी काहींचे रहस्य त्यामुळे उलगडले. परंतु येथेही लक्षात घेण्याची गोष्ट ही की, उलगडा झाला तो मृत्यूनंतर.

लपून येणारा पाहुणा

जिवंतपणी निदान इतके कठीण का, हे समजण्यासाठी रेबीजच्या विषाणूची वाटचाल पाहावी लागते. दंशाच्या जागी स्नायूत शिरलेला विषाणू तेथील मज्जातंतूच्या टोकात प्रवेश करतो आणि तंतूच्या आतूनच, दिवसाला काही सेंटिमीटर या गतीने, मज्जारज्जूकडे व मेंदूकडे सरकतो. या प्रवासात तो रक्तात जवळजवळ उतरतच नाही. त्यामुळे शरीराची संरक्षण यंत्रणा त्याला उशिरापर्यंत ओळखत नाही. रक्तात विषाणू सापडत नाही आणि प्रतिपिंडेही सापडत नाहीत. गायीत हा अदृश्य काळ बहुधा काही आठवडे ते काही महिने चालतो. कुत्रा चावल्याचे मालकाने पाहिलेले नसेल, किंवा पाहून विसरलेला असेल, तर वृत्तांतातील तो सर्वांत मोलाचा दुवाच गळून पडतो. चराऊ जनावराच्या पायावरचा लहानसा दंश केसांखाली कुणाच्या दृष्टीसही पडत नाही.

मेंदूत पोचल्यावर विषाणू वाढतो आणि मग त्याच मज्जातंतूंच्या वाटेने बाहेर पसरतो. लाळग्रंथी, डोळ्याचा पारपटल, त्वचेतील केसांच्या मुळांभोवतीचे मज्जातंतूंचे जाळे येथे तो पोचतो. जिवंतपणी विषाणू हाती लागण्याची जी काही संधी आहे ती या परतीच्या प्रवासात. पण तोवर लक्षणे सुरू झालेली असतात, आणि लक्षणे सुरू झाल्यावर जनावर बहुधा दहा दिवसांच्या आतच दगावते.

याच्या उलट मॅलिग्नंट कॅटॅऱ्हल फीव्हरचा विषाणू रक्तातील पांढऱ्या पेशींमध्ये वास करतो. म्हणून जिवंत गायीचे साधे रक्त घेऊन त्यावर पीसीआर तपासणी केली तर निदान होऊ शकते. त्यात तीव्र ताप, सुजलेल्या लसिकाग्रंथी, नाकातून घट्ट स्राव आणि कडेपासून मध्याकडे पांढरी होत जाणारी डोळ्याची काच ही लक्षणे पशुवैद्यकाला दिशा दाखवितात. मेंदूचा रोग एकच असला तरी विषाणूने कोणती वाट धरली यावर त्याचे जिवंतपणीचे निदान अवलंबून असते, हे या दोन उदाहरणांवरून स्पष्ट व्हावे.

डोळ्यांना दिसते ते

अमेरिकेतील संशोधकांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात वीस गायीगुरांना रेबीजची बाधा करून त्यांची लक्षणे बारकाईने नोंदविली. सर्वच्या सर्व जनावरांत लाळ गळणे आणि वागणुकीतील बदल आढळला. ८० टक्क्यांमध्ये नाकपुड्या व वरच्या ओठाच्या ओलसर भागाला सूक्ष्म कंप होता. ७० टक्क्यांत हंबरणे आणि तितक्याच जनावरांत आक्रमकता किंवा अतिसंवेदनशीलता, तर ६० टक्क्यांत घशाचा पक्षाघात होता. लक्षणे दिसू लागल्यापासून सरासरी चार दिवसांच्या आत खेळ आटोपला.

गोठ्यात या लक्षणांचे रूप कसे दिसते, हे आपल्या डॉक्टर वाचकांनी जाणून घेणे उपयुक्त ठरेल. गाय रवंथ करणे थांबवते. कान टवकारून कुठेतरी टक लावून पाहते. दूध एकाएकी आटते. हंबरण्याचा सूर घोगरा होतो, आणि वासरू जवळ असो वा नसो, ती थांबून थांबून हंबरत राहते. मागचे पाय लटपटतात, शेपटी सैल पडते, शेण टाकण्यासाठी ती वारंवार कुंथते. पाणी पुढे ठेवले तर तोंड घालते, पण गिळता येत नाही. माणसात दिसणारे पाण्याचे भय तिच्यात दिसत नाही. म्हणूनच ‘पाणी पिते आहे, म्हणजे पिसाळलेली नाही’ हा खेड्यातील समज अत्यंत घातक आहे.

घशाच्या या पक्षाघातातच खरा धोका दडलेला आहे. लाळ गळते आहे, घास गिळता येत नाही, याचा सर्वसामान्य माणसाने लावलेला अर्थ एकच : घशात काहीतरी अडकले. आंब्याची कोय, कणीस, रताळे असे काही अडकल्याच्या समजुतीने मालक बाही वर करून हात कोपरापर्यंत जनावराच्या तोंडात घालतो. दाढांच्या कडांनी हाताला ओरखडे पडतात आणि त्यावर लाळ माखते. पुष्कळदा शेजारीही मदतीला येतात. कुणी जीभ धरतो, कुणी बांबूच्या नळीने तेल पाजतो. जनावर चार दिवसांनी मरते, आणि ‘घशात अडकून मेले’ असे गाव म्हणते.

जे बरे होऊ शकते ते आधी शोधा

विषाणूजन्य मेंदूदाहावर गोवंशात प्रभावी उपचार नाही. म्हणून कुशल पशुवैद्यक उलट बाजूने विचार करतो : समोरच्या लक्षणांचे असे कोणते कारण असू शकेल, जे ओळखल्यास जनावर वाचेल? ही यादी लांब आहे आणि तीच त्याच्या कौशल्याची कसोटी असते.

नुकत्याच व्यालेल्या, भरपूर दूध देणाऱ्या गायीत किटोसिसमुळे वेड्यासारखी लक्षणे दिसतात. ती गोठ्याच्या भिंती चाटते, दावे चघळते. लघवीत किटोन तपासले आणि शिरेतून ग्लुकोज दिले की काही तासांत चित्र पालटते. मॅग्नेशियम कमी झाले तर झटके येतात. कॅल्शियम कमी झाले तर गाय मान पोटाकडे वळवून बसून राहते. थायमिन जीवनसत्त्वाच्या अभावी मेंदूचा बाह्यस्तर मऊ पडतो, जनावर आंधळे होते व डोके भिंतीला टेकवून उभे राहते. थायमिनची इंजेक्शने वेळेवर दिल्यास सुधारणा होते. टाकून दिलेल्या बॅटऱ्या किंवा जुना रंग चाटल्याने शिशाची विषबाधा होते, तिचेही पहिले लक्षण पुष्कळदा अंधत्वच. रक्तातील शिशाचे प्रमाण मोजून ती ओळखता येते. सर्रा आणि थायलेरिया यांचे परजीवी रक्ताच्या काचपट्टीवर दिसू शकतात.

लिस्टेरिया या जिवाणूचा मेंदूदाह तर रेबीजचा सख्खा भाऊ शोभावा असा असतो. नीट न मुरलेल्या मुरघासातून तो तोंडातील बारीक जखमांत शिरतो आणि चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या वाटेने मेंदूच्या देठापर्यंत जातो. एका बाजूचा कान व पापणी लोंबणे, गालात वैरणीचा बोळा साठणे आणि एकाच दिशेने गोल फिरणे ही त्याची ओळख. लवकर पेनिसिलिन सुरू केल्यास काही जनावरे वाचतात. पण यातही गिळता येत नाही व लाळ गळते. म्हणजे लिस्टेरियाचा संशय घेऊन उपचार करणाऱ्या पशुवैद्यकाने रेबीजचे हातमोजे काढून ठेवता कामा नयेत.

येथे एक नियम सांगण्यासारखा आहे. रेबीजचे जनावर दररोज बिघडत जाते. ज्याची प्रकृती चार-पाच दिवस एका जागी स्थिर राहिली किंवा उपचाराने निश्चितपणे सुधारली, त्याच्याबाबत रेबीजचा संशय क्रमाने क्षीण होत जातो. तिवा या तीन दिवसांच्या तापाचे उदाहरण बोलके आहे. त्याचा विषाणू रेबीजच्याच कुळातील. त्यातही जनावर आडवे पडते, लाळ गाळते. पण बहुधा तीन दिवसांत उठून वैरण खाऊ लागते. काळ हाच येथे निदानाचा साधनभूत घटक ठरतो. फक्त, जनावरासाठी काळाची वाट पाहणे आणि माणसासाठी काळाची वाट पाहणे या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत.

त्रिनिदादचा धडा

गोठ्यातील निदान चुकले तर त्याची किंमत माणसाला कशी मोजावी लागते, याचे इतिहासातील ठळक उदाहरण वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेटाचे आहे. १९२५ साली तेथील गुरे पक्षाघाताने मरू लागली. आक्रमकता नव्हती, पिसाळलेले कुत्रे नव्हते. तेव्हा दूषित खाद्यातून होणाऱ्या बॉट्युलिझमचे निदान करण्यात आले. चार वर्षांनी, १९२९ मध्ये, माणसांमध्ये पायांपासून वर चढत जाणारा पक्षाघात दिसू लागला. त्याला पोलिओ समजण्यात आले. अखेर १९३१ साली हर्स्ट आणि जोसेफ लेनॉक्स पवान यांनी या रुग्णांच्या मेंदूमज्जेची तपासणी करून हा रेबीज असल्याचे सिद्ध केले. पुढे पवान यांच्या संशोधनातून स्पष्ट झाले की, रात्री गुरांचे व माणसांचे रक्त पिणारी वटवाघळे हा रोग पसरवीत होती.

रक्तपिपासू वटवाघळे आपल्याकडे नाहीत. आपल्या गुरांना रेबीज होतो तो मुख्यत्वे कुत्र्यांपासून, आणि काही ठिकाणी कोल्ह्यांसारख्या वन्य प्राण्यांपासून. परंतु त्रिनिदादचा धडा आपल्यालाही लागू आहे. गुरांचा रेबीज पुष्कळदा ‘मुका’ असतो. जनावर धावून येत नाही, शिंगे मारत नाही. नुसते लुळे पडून मरते. अशा वेळी दुसरे एखादे सोयीचे निदान हाताशी असले म्हणजे रेबीज हा शब्द कुणाच्या तोंडी येत नाही, आणि त्या जनावराला हाताळणारी माणसे बेसावध राहतात.

प्रयोगशाळा काय देऊ शकते?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. जिवंत गायीकडून कोणते नमुने घेता येतात?

रक्तातील प्रतिपिंडे रेबीजमध्ये निरुपयोगी ठरतात. ती उशिरा येतात किंवा येतच नाहीत. त्यातून आपल्याकडे कुत्रा चावलेल्या जनावराला लस टोचण्याची पद्धत असल्यामुळे सापडलेली प्रतिपिंडे रोगाची की लसीची, हा पेच उभा राहतोच.

मस्तिष्कमेरुद्रव, म्हणजे मेंदू-मज्जारज्जूभोवतीचे पाणी, गायीकडून कमरेच्या मणक्यांमधून उभ्या अवस्थेतही काढता येते. निरोगी गायीच्या पाण्यात प्रति घनमिलिमीटर पाच-दहापेक्षा अधिक पेशी नसतात व प्रथिने दर १०० मिलिलिटरला ४० मिलिग्रॅमच्या आत असतात. विषाणूजन्य दाहात एककेंद्रकी पेशी वाढतात; परंतु लिस्टेरियातही त्याच पेशी वाढतात, आणि रेबीजमध्ये हे पाणी पुष्कळदा जवळजवळ स्वच्छ निघते. म्हणजे ही तपासणी मेंदूत दाह आहे एवढे सांगू शकते. तो कोणाचा, हे क्वचितच सांगते. एमआरआयची सोय मोठ्या जनावरांसाठी मोजक्या संस्थांतच आहे, आणि तिचेही उत्तर याहून फारसे वेगळे नाही.

उरते ती लाळ आणि त्वचा. माणसांच्या बाबतीत या दिशेने मोठी प्रगती झालेली आहे. कंबोडिया, मादागास्कर व फ्रान्स येथील रुग्णांवर झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मानेच्या मागील त्वचेचा लहानसा तुकडा घेऊन, केसांच्या मुळांभोवतीच्या मज्जातंतूंतील विषाणूचा आरएनए पीसीआरने शोधण्यात आला. त्या तपासणीची संवेदनशीलता ९८ टक्के वा त्याहून अधिक आढळली. बंगळूरच्या ‘निम्हान्स’मध्ये माणसांतील रेबीजच्या जिवंतपणीच्या निदानाचे काम चालते, हे आपणांस ठाऊक असेलच. लुधियानाच्या गुरू अंगद देव पशुवैद्यक विद्यापीठातील संशोधकांनी हीच कल्पना कुत्रे, गायी व म्हशी यांच्या लाळेवर आणि त्वचेवर रेण्वीय पद्धतींनी पडताळून पाहिली असून जिवंत जनावरात विषाणू सापडू शकतो, हे दाखविले आहे.

आपल्या देशात या संशोधनाचे महत्त्व विशेष आहे. पाश्चात्त्य देशांत संशयित जनावर तत्काळ दयामरणाने संपवून त्याचे डोके प्रयोगशाळेकडे पाठविण्यात येते. आपल्याकडे गाय मारण्याला मालकाचे मन धजत नाही, कायद्याच्या व श्रद्धेच्या मर्यादा आहेत; जनावर आपल्या मरणाने मरते, आणि मग ते घाईने पुरले जाते. मेंदू तपासला जाणे हा अपवाद ठरतो. अशा परिस्थितीत कानामागील किंवा मानेवरील त्वचेचा एक तुकडा व लाळेचा एक बोळा यांतून उत्तर मिळणार असेल तर ते बहुमोल आहे.

तथापि या उत्तराचे स्वरूप नीट समजून घ्यावयास हवे. लाळेतून विषाणू सतत झरत नाही. तो कधी असतो, कधी नसतो. विषाणू त्वचेपर्यंत पोचण्याआधीच नमुना घेतला गेला असेल. लाळेतील विकरे आरएनएचा नाश करतात. बर्फाविना प्रवास झाला तर नमुना वाटेतच निकामी होतो. म्हणून तपासणीचा होकार ग्राह्य मानावा. नकार मात्र ‘रेबीज नाही’ असे कधीच सांगत नाही. तो फक्त ‘या नमुन्यात, या क्षणी सापडला नाही’ एवढेच सांगतो. जागतिक पशु-आरोग्य संघटनेनेही प्राण्यांतील रेबीजच्या खात्रीशीर निदानासाठी मेंदूच्या ऊतीचीच तपासणी प्रमाण मानली आहे.

अखेरचा शब्द मेंदूचाच

इटलीतील आदेल्की नेग्री यांनी १९०३ साली मेंदूपेशींतील ती सुप्रसिद्ध पिंडे वर्णिली. कुत्र्यात ती मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागात शोधतात, तर गायीत लहान मेंदूच्या पर्किंजे पेशींत. पण पिंडे न सापडल्याने रेबीज नाकारता येत नव्हता. १९५८ मध्ये गोल्डवॉसर व किसलिंग यांनी प्रकाशमान प्रतिपिंडांची पद्धत रेबीजसाठी वापरली, आणि तीच पुढे निदानाची मुख्य कसोटी ठरली. आता तिच्या जोडीला साध्या सूक्ष्मदर्शकावर वाचता येणारी डीआरआयटी ही पद्धत व पीसीआरही मान्य झालेल्या आहेत.

नमुना घेण्यासाठी कवटी फोडण्याची गरज नाही. मान वेगळी केल्यावर कवटीच्या मागील मोठ्या छिद्रातून मेंदूचा देठ व लहान मेंदूचा भाग काढता येतो. मोठ्या जनावरांत विषाणू मेंदूदेठाच्या एकाच बाजूला असू शकतो, म्हणून देठाचा पूर्ण आडवा छेद घ्यावा लागतो. नमुना बर्फावर, गळणार नाही अशा तिहेरी आवरणात पाठवावा. तो नुसता फॉर्मेलिनमध्ये बुडवून पाठविल्यास ताज्या ऊतीवरच्या या तपासण्या अवघड होतात. हे काम आधीच प्रतिबंधक लस घेतलेल्या पशुवैद्यकानेच करावे. आपल्याला सुमारे ५०० किलोमीटरवर असलेल्या बंगळूरच्या हेब्बाळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयात रेबीज निदानाची मान्यवर प्रयोगशाळा आहे. एका रात्रीच्या प्रवासात नमुना तेथे पोचू शकतो.

डॉक्टरांच्या टेबलापाशी

या साऱ्या विवेचनातून डॉक्टरांनी काय घ्यावे? माझ्या मते चार गोष्टी.

पहिली गोष्ट : कुत्र्या-मांजरांसाठीचा दहा दिवसांच्या निरीक्षणाचा नियम गायीम्हशींना लागू करू नये. तो नियम ज्या अभ्यासांवर उभा आहे ते त्या प्राण्यांचे आहेत. ‘जनावर अजून जिवंत आहे, बघू काय होते ते’ असे म्हणून लस लांबविण्याला येथे आधार नाही. पशुवैद्यकाने रेबीजचा संशय व्यक्त केला की माणसांवरील प्रतिबंधक उपचार त्याच दिवशी सुरू व्हावेत. प्रयोगशाळेचा नकारात्मक अहवाल मेंदूच्या योग्य नमुन्याचा असेल तरच ते पुढे थांबविण्याचा विचार करावा. लाळेच्या किंवा त्वचेच्या नकारावर ते थांबवू नयेत.

दुसरी गोष्ट : प्रश्न नेमका विचारावा. ‘गाय चावली का?’ या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असेच येईल. विचारावयाचे ते असे : ‘तिच्या तोंडात हात कोणी घातला? औषध कोणी पाजले? हाताला जखम, भेग, ओरखडा होता का? लाळ डोळ्यांत किंवा तोंडात उडाली का?’ फाटलेल्या त्वचेला अथवा श्लेष्मल आवरणाला लाळ लागली असेल तर ती तिसऱ्या श्रेणीची बाधा होय. साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे, लस आणि इम्युनोग्लोब्युलिन ही तिन्ही तेथे आवश्यक आहेत. धडधाकट त्वचेला लाळ लागली असेल तर धुण्याखेरीज काही करावे लागत नाही. नेमक्या प्रश्नांनी ज्यांना गरज आहे ते सापडतात आणि ज्यांना नाही ते निश्चिंत होतात.

तिसरी गोष्ट दुधाची. गोठ्यात रेबीजने गाय मेली अशी बातमी पसरली की रतीब घेणारी घरेच्या घरे दवाखान्यात लोटतात. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १९९६ व १९९८ मध्ये अशा दोन घटनांत, रेबीज झालेल्या गायींचे न तापविलेले दूध प्यालेल्या एकूण ८० जणांना प्रतिबंधक उपचार देण्यात आले होते. तथापि दूध पिऊन माणसाला रेबीज झाल्याची सिद्ध नोंद नाही, आणि उकळीच्या उष्णतेत हा विषाणू टिकत नाही. दूध उकळून घेण्याची आपली परंपरा येथे कामी येते. संशयित जनावराचे दूध वापरात घेऊ नयेच. परंतु चहातून ते प्यालेल्या साऱ्या वाड्याला लस टोचत बसण्यात साठा संपला आणि खुद्द तोंडात हात घातलेला मालक घरीच राहिला, असे होऊ देऊ नये. धारोष्ण दूध पिणाऱ्यांची मात्र स्वतंत्र चौकशी करावी.

चौथी गोष्ट : पशुवैद्यकाशी थेट बोलावे. रुग्णाच्या सांगण्यातून ‘गायीला गळ्याचा आजार होता’ एवढेच कळते. त्यामागील लक्षणांचा क्रम पशुवैद्यकच सांगू शकतो. तसेच, एखाद्या घरातील माणसाला लस दिली गेली तर त्याच गोठ्यात त्याच कुत्र्याने चावलेली आणखी जनावरे आहेत काय, हे पशुवैद्यकाला कळणे अगत्याचे असते, कारण त्यांना अद्याप लस देता येते.

२००९ च्या केंद्रीय कायद्यान्वये प्राण्यांतील रेबीज हा कळविण्यायोग्य रोग आहे. कर्नाटकाने २०२२ मध्ये माणसांतील रेबीजही अनिवार्यपणे कळविण्याच्या रोगांत समाविष्ट केला. २०३० पर्यंत कुत्र्यांद्वारे होणाऱ्या रेबीजचे उच्चाटन करण्याचा राष्ट्रीय आराखडा २०२१ साली जाहीर झाला. ही उद्दिष्टे कागदावर स्पष्ट आहेत. ती प्रत्यक्षात उतरतात ती गोठा आणि दवाखाना यांच्यामधल्या वाटेवर.

शास्त्राची प्रगती पाहता जिवंत गायीच्या त्वचेच्या एका तुकड्यावरून विश्वसनीय निदान करणे पुढेमागे शक्य होईल, अशी आशा बाळगावयास हरकत नाही. तोवर पशुवैद्यकाने संशय स्पष्ट शब्दांत बोलून दाखवावा, आणि डॉक्टरांनी त्या संशयालाच माणसांपुरते निदान मानून पावले उचलावीत. आपल्या मंडळाच्या प्रत्येक सदस्याने आपल्या भागातील सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याचा दूरध्वनी क्रमांक टेबलावर लिहून ठेवला, आणि तेथील पशुवैद्यकांपाशी आपला ठेवला, तरी या कामाची सुरुवात झाली असे म्हणता येईल.